चाळीस मिनिटं

चौकशी अकराला सुरू व्हायची होती आणि तिचा अहवाल दहालाच टाइप होऊन जनरल मॅनेजरच्या केबिनमधून हर्षा गावंडेच्या टेबलावर आला होता. ऑपरेटर देवमनने परवानगीशिवाय मशीन चाळीस मिनिटं बंद ठेवली, सबब त्याला कामावरून कमी करावं. खाली तिच्या सहीपुरती जागा मोकळी.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या या डाळ मिलमध्ये हर्षा एकोणीस वर्षं एचआर सांभाळत होती. अमरावतीचं घर, रोज बडनेऱ्याहून गाडी. अशा कागदांवर तिने याआधी दोनदा सही केली होती. कामावरून गेलेल्या त्या दोघांतल्या एकाचं नाव आता तिला आठवत नव्हतं. दुसऱ्याचं विसरता येत नव्हतं.

तिने देवमनला बसायला सांगितलं आणि मशीन का बंद केली ते विचारलं.

"रागिणीची ओढनी पट्ट्यात गेल्ती, मॅडम. चार महिने झाले, पट्ट्यावर जाळी नाई. तिले सोडवू, का परवानगी मागाले जाऊ?" पुढे म्हणाला, "जाळीच्या जागी तार बांधली, मंगच चालू केली."

हर्षाने रागिणीला बोलावलं. पोरीने ओढणी बाजूला करून गळ्यावरचा वळ दाखवला. जाळीसाठी आलेले तीन अर्ज हर्षाच्या फाइलमध्येच होते. तिने तयार अहवाल बाजूला सारला आणि स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला: मशीन बंद करणं योग्यच होतं, दोष जाळी न बसवणाऱ्यांचा.

जनरल मॅनेजर प्रीतम सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. हा अहवाल राहिला तर ती राहणार नाही, असं शांतपणे सांगितलं. वर, अकोल्यात मग तिला कोण ठेवून घेईल, असंही विचारलं.

"ठेवून घ्या असं आता कोणाला म्हणणारच नाही, सर. चौकशीला बोलावतील तिथे जाईन, पाहीन, आणि दिसेल तेच लिहून देईन."

अहवालाची प्रत तिने त्यांच्यासमोरच कारखाना निरीक्षकांना मेल केली. मग राजीनामा टेबलावर ठेवला.

गेटवर वॉचमन नत्थुजींनी रोजच्यासारखं स्टाफचं रजिस्टर पुढे केलं. तिने शेजारचं ओढून घेतलं.

"ते तं बाहेरून येनाऱ्यायचं हाये, मॅडम."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि नाव लिहिलं. पुढचा रकाना कंपनीचा होता. तिथेही तिने स्वतःचंच नाव लिहिलं.