खांबाला लागलेला फटका

नोरीनने पाठीशी दोन उशा लावून घेतल्या आणि सुईत दोरा ओवून मागितला. डॅरलची नऊ नंबरची जर्सी तिच्या मांडीवर होती. पाठीवरचा आकडा एका कोपऱ्यात उसवला होता.

"उद्या सगळी मदार या पोरावर, आणि आकडा लोंबतोय," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, लेसने, दोरा ओवून दिला. तिचा टाका दोनदा चुकला, पण त्याने जर्सी मागून घेतली नाही. ऑस्ट्रेलियातल्या या छोट्या गावाच्या वॉरिंगा फुटबॉल क्लबच्या जर्सी लग्नापासून तीच शिवत आली होती. मैदानावरचं खाण्याचं दुकानही तीच चालवायची. हंगामाच्या सुरुवातीला दुखणं निघालं, आणि आता ती या खोलीतून बाहेर येत नव्हती.

गेल्या शनिवारी लेस मैदानावरून परतला तेव्हा ती दाराकडे तोंड करून पडली होती. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "बरोबरी."

बरोबरी झाली की आठवड्याने अख्खा अंतिम सामना पुन्हा खेळतात, हे तिला सांगावं लागलं नाही. शेवटचा फटका कुणाचा, एवढंच तिने विचारलं. डॅरलचा, लेस म्हणाला. मधून गेला असता तर सहा गुणांचा गोल होता. खांबाला लागला, म्हणून ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नियमाने एकच गुण मिळाला, त्यावर बरोबरी.

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे अजून एक आठवडा." त्या संध्याकाळी तिने बऱ्याच दिवसांनी वाटीभर सूप संपवलं.

तपासायला येणाऱ्या सिस्टरला तिने आधीच बजावून ठेवलं होतं, की फायनलचा निकाल लागला की मी निघाले, त्याआधी मला कुणी घाई करायची नाही. सिस्टर हसली होती. फाटकाशी मात्र तिने लेसला सांगितलं, की औषधाचं काम कधीच संपलंय, ही त्या सामन्यावर तग धरून आहे.

लेसने मान हलवली आणि फाटकाची कडी लावली.

आठवडाभर लोक येत राहिले. कुणी केक आणला, कुणी कुंपणाला क्लबच्या किरमिजी-पांढऱ्या फिती बांधून गेलं. सगळे संघाबद्दलच बोलत आणि लवकर उठत. रेडिओ लेसने दुरुस्तीला टाकला होता. पेपर तिने हल्ली सोडलाच होता.

शुक्रवारी दुपारी डॅरल आला. मोठा उंच पोरगा, शेतावरून सरळ आलेला. लहानपणापासून त्याने आपल्या गावाकडे कप येण्याची वाट पाहिली होती. बाहेर वारा गरम होता, तरी त्याने कानांपर्यंत लोकरीची टोपी ओढली होती.

"घरात टोपी घालून बसतात का रे?" नोरीन म्हणाली. "आईने काही शिकवलं नाही वाटतं."

डॅरलने लेसकडे पाहिलं. "सर्दी झालीय," तो म्हणाला.

"फायनलच्या आदल्या दिवशी? छान." ती त्याला जर्सी दाखवत म्हणाली, "आकडा घट्ट केलाय. आता फटका तेवढा घट्ट मार. खांब कुठे पळून जात नाही, डॅरल. तूच त्याला शोधत गेलास."

डॅरलचे गाल लाल झाले. टोपीच्या खालून किरमिजी रंगवलेल्या केसांची एक बट सुटली होती, ती त्याने बोटाने आत सारली.

"चुकलंच माझं, नोर," तो म्हणाला. "उद्या नीट मारतो."

"मारशील. जा, झोप काढ. आणि क्लबात पीत बसू नकोस."

तो गेल्यावर तिने उरलेले दोन टाके घातले आणि दोरा दाताने तोडला. जर्सी घडी करताना ती थांबली. तिने ती नाकाशी नेली.

"बिअरचा वास येतोय."

"कुणाचा तरी ग्लास सांडला," लेस म्हणाला.

"हं."

तिने घडी पूर्ण केली, बाह्या आत दुमडल्या, हाताने सपाट केली. बराच वेळ खिडकीतून फिती हलताना बघत राहिली.

"लेस, लागोपाठ दोनदा बरोबरी झालेली ऐकलीयस कधी?"

"नाही."

"आमच्या वडिलांच्या वेळी झाली होती. ते सांगायचे. दोन शनिवार बरोबरी, तिसऱ्या शनिवारी निकाल." तिने डोळे मिटले. "होतं तसं कधी कधी. जा, जर्सी देऊन ये. मी आहे."

लेस गाडी घेऊन मैदानावर गेला. हिरवळीच्या मधोमध दोन माणसं क्रिकेटच्या खेळपट्टीवर फुटबॉलच्या हंगामापुरती टाकलेली माती काढत होती. क्लबच्या खोलीत वॉली एकटाच होता. वॉली गावचा खाटीक आणि क्लबचा अध्यक्ष. तो खुर्च्या एकावर एक रचत होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"जेवली थोडं."

वॉलीने खुर्ची खाली ठेवली. "उद्या काय सांगणार?"

"बरोबरी."

"पुन्हा? नोरीनला? या गावात तिच्याइतका खेळ कुणाला कळतो?"

"तिच्या वडिलांच्या वेळी दोनदा झाली होती म्हणते."

"जुन्या सगळ्या निकालांच्या पाट्या इथे भिंतीवर आहेत, लेस. तसं कधीच झालेलं नाही."

"माहितीय," लेस म्हणाला.

तो आत नोरीनच्या दुकानात गेला. ओट्यावर पुसून उलटे ठेवलेले ट्रे होते, ती ठेवायची तसेच. त्याने ओव्हनचं दार उघडलं आणि जर्सी आत ठेवली, गेल्या शनिवारी डॅरलने दोन खांबांच्या बरोबर मधून मारलेल्या फटक्यावर जिंकलेल्या, तिच्याच फडक्यात गुंडाळलेल्या कपाशेजारी.