पेवावरचा दगड

पुंजारामची बायको साळूबाई वारल्याची खबर लागताच शहागडहून एकेकाळची शेजारीण हलीमाबी आली आणि अंगणातल्या धान्याच्या पेवावरचा दगड धरून रडू लागली. पुंजारामनं विचारलं, "दगडाला धरून का रडतीस?" ती म्हणाली, "भाई, पन्नास वर्षाखाली पोलीस ॲक्शन झाली तवा तुम्ही सरहद्दीवरच्या छावणीत लढ्यात व्हते. रझाकारांचा राग आमच्यावर काढाया गावातले गडी काठ्या घेऊन आल्ते. भाभीनं अम्मीला आन् मला या पेवात उतरवलं. हवा यावी म्हणून दगड थोडा सरकवून ठेवला आन् फटीवर लुगडं पसरून ज्वारी पाखडत बसली. म्हणली, 'पेव बघायचं? मंग आधी मला उचला!' कुणाची हिंमत न्हाई झाली." पुंजारामला आठवलं, दगड नीट बसवू म्हटलं की साळूबाई म्हणायची, "असू द्या, हवा जाती." मुक्तिसंग्रामासाठी त्याला मिळालेली शाल त्यानं साळूबाईच्या देहावर पांघरली. तिला शाबास म्हणायचं मात्र राहून गेलं.