जात्यावरची मिनिटं

हिंगणीत भर दुपारी लाईन गेली. नात आचल उद्या पुण्याला निघणार होती, आणि माझ्या गेलेल्या आईच्या दळणाच्या ओव्या आता फक्त मला येत होत्या. हेडफोन लावून ती त्या ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करत होती.

बॅटरी किती पुरेल ते पडद्यावर दिसे. आकडे वाचायला मी म्हातारपणी शिकलो; हा वाचला. नऊ मिनिटं.

"पडद्याचा उजेड कमी केला, आबा. म्हनत राहा."

मी म्हणत गेलो. नवाची बारा झाली, मग वीस.

"हे वाढून काऊन राह्यलं?"

"मध्येच बोलू नका ना, आबा!"

शेवटची ओवी आठवेना. मी गप्प बसलो. आकडा चढतच राहिला. चाळीस. साठ. माझे हात आपसूक जोडले गेले.

हेडफोन कानाशी दाबत, पडद्यावरची नजर न काढता आचल म्हणाली, "वा आबा! ही ओवी तं तुमी कधीच नाई म्हटली."