पंखाचा फोटो

विमानात बसलं की आमच्या सोसायटीतली माणसं पहिलं काम काय करतात? खिडकीतून पंखाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. जणू पंख यांनीच बसवलाय! मी एकाहत्तर वर्षं शनिवार पेठेत काढली, विमानाची पायरीसुद्धा चढलो नाही. माझं काही अडलं नाही.

तरी प्रत्येक फोटो मी मोठा करून बघतो. नावं ठेवायची तर नीट ठेवावीत.

खालच्या मजल्यावरची नीरजा दिल्लीला गेली, तेव्हाच्या फोटोत खिडकीच्या काचेवर तिच्या शेजारच्या प्रवाशाचं प्रतिबिंब पडलं होतं. मरून स्वेटर, खांद्यावर माझ्या बायकोने, हेमाने, लावलेलं हिरवं ठिगळ. चेहरा माझा.

"काहीतरीच तुमचं," हेमा म्हणाली. "चष्मा पुसा."

पुसला. पुढच्या आठवड्यात समोरचा श्यामसुंदर कोचीला गेला. त्या गृहस्थाला फोटोही सरळ काढता येत नाही. काचेत पुन्हा तोच म्हातारा. या वेळी तो माझ्याकडे बघत होता. मी या लोकांकडे बघतो, अगदी तसाच.

आज दुपारी श्यामसुंदरचा परतीचा फोटो आला. "पुण्यात उतरतोय!" जसं काही चंद्रावरूनच येतोय. काचेतला म्हातारा मांडीवर बॅग घेऊन तयार बसला होता.

दीड तासाने बेल वाजली. मी आतल्या खोलीत पलंगावर होतो. हेमाने दार उघडलं.

"आलात एकदाचे!" मग तिने आवाज खाली आणला. "अहो, बॅग राहू दे. आधी आत पलंगावर कोण बसलंय ते बघा."