एकही बाई चुकली नाही

माझी नात रुचा डॉक्टर आहे. तिच्या सरांनी मेडिकल जर्नलला पाठवायला एक शोधनिबंध लिहिला होता आणि सहलेखक म्हणून तिची सही त्यांना आजच हवी होती. पाथर्डीकडच्या एका गावातल्या दोनशे बायकांचं रक्त दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत दर महिन्याला तपासलं, एकही बाई चुकली नाही, असं त्यात लिहिलं होतं.

गावाचं नाव ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. त्याच गावात मी बावीस वर्षं सरकारी नर्स होते.

"सही करू नकोस. दिवाळी झाली की ते गाव ऊसतोडीला जातं. सरांनी रक्त काढलं तरी कुणाचं?"

"आजी, तू कशावरही संशय घेतेस! आता नसतील जात."

"मग लाव बायडाबाईला फोन."

बायडाबाई माझ्या वेळची तिथली दाई. फोनवर ती खळखळून हसली. "आवो नर्सबाई, आजून बी तसंच हाय. टोळ्या पाडव्यालाच माघारी येत्यात. तवर गावात बाया कुठल्या?"

रुचाने पेनाला टोपण लावलं. "आजी, तू नसतीस तर माझं नाव..."

वाक्य अर्धंच राहिलं. भिंतीवरचं माझं जुनं प्रशस्तिपत्र ती लहानपणापासून बघत आली होती, आज पहिल्यांदा वाचत होती.



'दिवाळी ते पाडवा या काळात गावातील प्रत्येक स्त्रीची दरमहा घरी जाऊन तपासणी केल्याबद्दल.'