अजिंक्य

आमच्या महिला महाविद्यालयाचा अजिंक्य लॅक्रॉस संघ हे कोल्हापूरचं भूषण होतं. जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा हा खेळ विद्यापीठात दुसरं कुणी खेळतच नव्हतं. प्रशिक्षक गृहविज्ञानाच्या मॅडम. क्रीडानिधी सत्काराच्या फेट्यांवर जायचा. विजेत्यांना दहा वाढीव गुण, म्हणून इंग्रजीत नापास होणाऱ्या सगळ्या संघात.

२००३ साली गगनबावड्याकडच्या एका कॉलेजनं संघ काढला. कर्णधार शबनम धावतच आली.

"मॅडम, आली की दुसरी टीम! आता तरी मॅच खेळायची!"

"आणि हरलीस म्हणजे? पोरींचे मार्क तू देणार आहेस काय गं?"

सामन्याच्या दिवशी दोन्ही प्राचार्यांनी मैदानावरच चहा घेतला आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते म्हणून जाहीर केले. शबनमला फेटा बांधला.

चेंडू पिशवीतच होता.