नेल्सनचा करार

"साहेब, नेल्सनचा गुडघा आता साथ देत नाही. त्याला घ्यायचं तर आपली तीन तरुण पोरं सोडावी लागतील," नागपूरच्या एका बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक मंगला ठवरे कळवळून सांगत होत्या.

संघाचे मालक हसले. "मॅडम, लोक गुडघा बघायला येत नाहीत, नेल्सनला बघायला येतात. करार झाला समजा."

नेल्सन बाहेर पायरीवर बसला होता. त्याला लहानपणी चेंडू धरायला शिकवलं होतं ते मंगलाताईंनीच. आपण त्याच्याविरुद्ध बोललो हे कोणत्या तोंडाने सांगावं, या विचारात त्या घुटमळल्या. पण त्यानेच विचारलं, "नको म्हणालात ना, ताई?"

"म्हणाले रे. कुणी ऐकलं नाही."

त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुमचं तरी ऐकतील. घरी सगळे हुरळून गेलेत. माझ्या तोंडून नकार निघाला नसता हो."

पहिल्याच सामन्यात तो लंगडू लागला, तेव्हा त्याला बाहेर घ्यायला त्यांनी हात वर केला. मागून मालक ओरडले, "राहू द्या त्याला!" सगळं स्टेडियम त्याच्या नावाने दणाणत होतं. मंगलाताईंचा हात हळूहळू खाली आला.

नेल्सनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळा जीव एकवटून उडी घेतली. चेंडू जाळीत गेला. तो मात्र पाय धरून जमिनीवर कोसळला.

टाळ्या थांबायला बराच वेळ लागला.